छत्रीचा बेत

२ मार्च

धाकटे,

आशीर्वाद. तब्येतीचं विचारत नाही. तू ‘बरी आहे’ म्हणणार, मी ‘बरं’ म्हणणार, त्यात निम्मा कागद जायचा.

पत्र नेहमीसारखं सूनबाई लिहितेय. ती कचेरीत जुन्या दस्तांच्या नकला करते हे तुला ठाऊकच आहे. तिथला नियम असा की कागदावर जे असेल ते तसंच उतरवायचं. चूक असेल तर चुकीसकट, डाग असेल तर ‘येथे डाग आहे’ असं लिहून. ती खोड आता घरी आलीय. मी म्हटलं, अगं, मध्येच खोकले तर ते लिहू नकोस. (इथे आई खोकल्या.) बघितलंस?

आता कामाचं. आमच्या वेल्डरने, म्हणजे माझ्या लेकाने, कुठल्या तरी कामावरून वायर गुंडाळायचं मोठं लाकडी रीळ आणलं. माणूसभर रुंद. आडवं करून मागच्या फरशीवर ठेवलं आणि म्हणतो, आई, हे टेबल. टेबल छान आहे. पण त्याला मधोमध भोक आहे. सूनबाई म्हणाली त्यात कुंडी ठेवू. लेक म्हणाला फळी ठोकू. मी म्हटलं, हात लावाल तर बघा. मधोमध भोक असलेलं टेबल घरात आलं ते काय कुंडीसाठी? त्यात दांडा उभा राहणार, दांड्यावर छत्री, आणि छत्रीखाली आपण दोघी.

तुझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, डॉक्टरने उन्हात बसू नको म्हटलंय. आणि तू तर सकाळचं वर्तमानपत्र बाहेर बसून वाचल्याशिवाय माणसात येत नाहीस. एक मेला तू कायमची इकडे येणार, तोपर्यंत छत्री उभी करते. तू वाच, मी ऐकते. लहानपणापासून तेच करत आलोय, त्यात आता बदल कशाला?

बावीस वर्षांची होईपर्यंत मी छत्रीवाल्या काकांकडे छत्र्या शिवल्या, लग्नानंतरही शिवल्या, पण सगळ्या हातातल्या. मोठी छत्री कधी बेतायला मिळाली नाही. आता हात शिवशिवतायत. काड्या आठ, प्रत्येक माझ्या सहा विती लांब. तर दोन काड्यांमधल्या एका पाकळीचा पाया किती धरू? तू गणिताची मास्तरीण, सांग. पाकळ्या कापायचा माझा जुना पुठ्ठ्याचा फर्माही शोधतेय. काठाचा बाक त्यावरूनच घ्यायचाय.

गल्लीतली पोरं मला ‘छत्रीआजी’ म्हणायला लागलीत. अजून एक टाका पडलेला नाही.

तुझी
ताई


११ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून खूप हसले. सूनबाईंना सांग, खोकला पोचला.

आठ पाकळ्या आणि सहा विती काडी, म्हणजे पाया तुझ्या साडेचार विती आणि वर एक बोट. मी दोनदा काढून पाहिलं.

मी सामान आवरायला घेतलंय. पुस्तकं शाळेला दिली. कपाट शेजारणीला. शाळेतल्या बायका विचारतात, बाई, या वयात कुठे निघालात? मी सांगते, ताईकडे. त्या म्हणतात, नशीबवान आहात. मी आहेच.

एक सांगू? जुन्या फर्म्याच्या नादी लागू नकोस. किती वर्षांची वस्तू ती, खळीने चिकटवलेली. कीड लागली असेल, बुरशी आली असेल, तुझा खोकला वाढायचा. सापडला तर हातही न लावता जाळून टाक. नवा पुठ्ठा आण, मी आल्यावर आपण मापाने नवा फर्मा काढू. किंवा तयार छत्रीच घेऊन टाका. हल्ली कुठेही मिळतात. तुला या वयात एवढं शिवण कशाला?

माझ्यासाठी इतकं करतेस, ताई. मला भरून येतं.

तुझी
धाकटी


२० मार्च

धाकटे,

तुझं गणित ताटाचं आहे, मास्तरीणबाई. छत्री ताटासारखी सपाट नसते, तिला उतार असतो. तू सांगितलेल्या मापाने कापलं असतं तर कापड झोळीसारखं लोंबलं असतं आणि तुझ्या चहात बसलं असतं. मी चार बोटं कमी केली. रागावू नकोस. शाळेत उतार शिकवत नसतील.

लेकाने मोटारीच्या जुन्या रिममध्ये सिमेंट भरून पाया केला. त्यात पाइप उभा केला, तो टेबलाच्या भोकातून वर काढला. काड्यांसाठी लाकडी पट्ट्या तासल्या. ट्रकची ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हास आणला, फिकट हिरवा. लेकाचं म्हणणं, पाकळ्या सरळ त्रिकोणी कापू, पटकन होईल. मी म्हटलं, तू लोखंड जोड, कापडात तोंड घालू नकोस. पाकळीचा काठ सरळ कापला की काम बिघडलंच. तो अंगठ्याच्या नखाएवढा आत घ्यावा लागतो, मग कापड ताठ बसतं. तो बाक माझ्या फर्म्यात आहे.

आणि फर्मा सापडला. माळ्यावर, शिवणयंत्राच्या फळीमागे. तू जाळायला सांगितलं होतंस. माझ्या खोकल्याची तुला किती काळजी! पण अगं, ज्या फर्म्यावर मी जन्म काढला तो जाळू कशी? ओल्या फडक्याने पुसायला घेतला. पन्नास वर्षांची खळ ती, सुटली. वरचा तपकिरी कागद साल निघावी तसा निघाला आणि खालून छापील कागद निघाला. सूनबाई बाजूलाच होती. ती कसला कागद सोडतेय! म्हणाली, आई, हे पत्र आहे. कुठल्याशा कारखान्याचं.

मला आठवलं. मोठ्या छत्र्यांच्या त्या परगावच्या कारखान्याचं पत्र. अर्ज तूच लिहिला होतास, नमुन्याची पाकळी मी पाठवली होती. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, माथ्यावर छत्रीचं चित्र असलेलं. तू वाचून दाखवलंस: ‘नको म्हणतात, ताई. त्यांना शिकलेली बाई हवी.’ मी रडले नाही, तुला आठवत असेल. म्हटलं, नाही तर नाही, कागद तरी जाड आहे. आणि फर्म्याच्या पुठ्ठ्यात घालून टाकला.

आता मी सूनबाईला म्हटलं, वाच. फर्मा त्रिकोणी, म्हणून पत्रही त्रिकोणी कापलं गेलंय. दोन्ही बाजूंचे शब्द गेलेत. जे राहिलं ते असं:

…अर्ज…
…सोबतचा नमुना पा…
…हिला. काठाचा असा बाक आम…
…कारखान्यात कोणालाच साधलेला नाही…
…छत्र्या बेतण्याच्या कामासाठी आपली निवड कर…

निवड.

मी सूनबाईला तीनदा वाचायला लावलं. म्हटलं, ‘नाही’ कुठे आहे? ती म्हणाली, ‘नाही’ आहे, पण ‘साधलेला’च्या पुढे आहे.

धाकटे, माझी काही तरी चूक होत असेल. दुसरं कुठलं पत्र असेल. पूर्ण पत्र वाचलेली जगात तू एकटी आहेस. पुढे काय होतं ते लिही. सगळं लिही.

ताई

(यापुढचं लिहू नकोस, असं आईंनी सांगितलं. अर्धवट लिहिण्याची मला सवय नाही, म्हणून नोंद करते. – सूनबाई)
(हे कशाला लिहिलंस? – आई)


३ एप्रिल

ताई,

आठ दिवस पत्र समोर ठेवून बसले. काय लिहू?

चूक तुझी नाही. पत्र तेच आहे. तुझी निवड झाली होती. मी तुला खोटं सांगितलं.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आई अंथरुणाला खिळलेली. माझं शाळेचं शेवटचं वर्ष. तू गेली असतीस तर आईजवळ कोण राहणार होतं? मीच. शाळा सुटली असती. आणि तुला तरी आईला टाकून जाववलं असतं का? तू गेली नसतीस, पण जन्मभर हळहळली असतीस. ती हळहळ तुला नको म्हणून मी नकार वाचला.

पुढे काय होतं म्हणून विचारतेस. जेवढं आठवतं तेवढं सांगते. महिनाअखेरीस रुजू व्हावे, असं होतं. राहायला एका बाईपुरती खोली मिळेल, कुटुंबाची सोय नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. तेवढ्या एका ओळीसाठी मी ते केलं, ताई. ती ओळ नसती तर मी उड्या मारत येऊन तुला सांगितलं असतं.

आणि एक विचार कर. तू त्या शहरात गेली असतीस तर भाऊजी तुला भेटले नसते. तुझा हा हुशार लेक नसता, ही गुणी सून नसती. जे झालं त्यातून तुझं भलंच झालं ना?

माफ कर. एक तारखेला येते. समोरासमोर बोलू. तिकीट काढलंय.

तुझी
धाकटी

[सोबतची चिठ्ठी]

चि. सूनबाई,

ही चिठ्ठी फक्त तुझ्यासाठी. त्या फर्म्यावर पुढचंही काही वाचता येत असेल, तर कृपा करून ताईला वाचून दाखवू नकोस. खालचा भाग किडीने खाल्लाय असं सांग. तिचं वय झालंय, ती हाय खाईल. तू समजूतदार आहेस. काही गोष्टी न वाचलेल्याच बऱ्या असतात.

मावशी


९ एप्रिल

धाकटे,

चिठ्ठी मिळाली. दोघींना मिळाली.

सूनबाईने आधी तुझं पत्र वाचलं, मग चिठ्ठी उघडली आणि घडी घालून मांडीवर ठेवली. मी म्हटलं, काय गं? ती म्हणाली, ‘आई, यात लिहिलंय की तुम्हाला वाचून दाखवू नकोस.’ मी म्हटलं, मग? ती म्हणाली, ‘मला गाळून वाचता येत नाही.’ आणि ‘चि. सूनबाई’पासून ‘मावशी’पर्यंत खणखणीत वाचली.

या पोरीला मी लग्नात काय काय बोलले होते! हिला चहा जमत नाही, हिचं तोंड कायम कागदात. आज तिच्या हातचा फुळकवणी चहा तीनदा मागून प्यायले. (हे आईंनी मुद्दाम दोनदा लिहायला सांगितलं. एकदाच लिहिते.)

आता मागच्या खेपेला, तू खरं लिहितेस का ते बघायला, मी जिथे सूनबाईचा हात धरला, तिथून पुढे. कीड कुठेही लागलेली नाही. त्रिकोण खाली रुंद होत जातो, म्हणून खालच्या ओळी जवळजवळ पुऱ्या आहेत:

…अखेरीपर्यंत रुजू व्हावे. राहण्यास दोन खोल्या कार…
…खान्याकडून मिळतील. अर्जात आजारी आईचा उल्लेख आहे. तिला व…
…शिकणाऱ्या बहिणीलाही सोबत आणण्यास हरकत नाही. शाळा जवळच आहे.

‘कुटुंबाची सोय नाही’ असं स्पष्ट लिहिलं होतं म्हणतेस. कुठे, धाकटे? दोन खोल्या होत्या. एकीत आई, एकीत आपण दोघी. तुझी शाळा जवळ. त्या परक्या माणसांनी, आपल्याला कधी न पाहिलेल्या माणसांनी, आईचा विचार केला, तुझा विचार केला. आणि तू आत्ता, या वयात, डोळ्यांची दोन ऑपरेशनं होऊन लख्ख दिसत असताना, मला पुन्हा तेच पत्र खोटं वाचून दाखवलंस.

पहिल्या खोट्याचं एक वेळ समजू शकते. सतरा वर्षांच्या पोरी काहीही करतात. पण हे दुसरं? हे काही पाट्यावर पुरण वाटता वाटता तोंडातून निसटलेलं नाही, तू शांतपणे बसून, शाई वाळायची वाट बघत लिहिलंयस. (आईंना इथे ‘पाटा’ वगैरे नको होतं, जीभ घसरली म्हणाल्या. लिहिलं गेलं, तसंच ठेवते.)

आणि जाळून टाक म्हणालीस! मी सूनबाईला सांगत होते, बघ, माझ्या खोकल्याची किती काळजी. ती खाली मान घालून पत्र उतरवत राहिली. तिला तेव्हाच कळलं असणार. नकला करणारी बाई. जाळायच्या कागदात काय असतं ते तिला चांगलं ठाऊक.

लेकाचं आणि सुनेचं नाव घेऊ नकोस. मुलगा माझा आहे. तू दिलेली भेट नाही. तुझ्या खोट्यातून माझं भलं झालं असेल तर ते मी केलं, या दोन हातांनी. त्याचं श्रेय तुला नाही.

काल सूनबाईला म्हटलं, ‘निवड’ हा शब्द दाखव कुठला तो. तिने बोट ठेवलं. एवढासा आहे गं. मला वाटलं होतं मोठा असेल. पन्नास वर्षं त्या शब्दाच्या शेजारून माझी कात्री फिरली. किती हजार पाकळ्या कापल्या मी त्याच्यावरून. मी कापड बेतत होते. बेत तुझा होता.

दोन प्रश्न विचारते. उत्तर सूनबाई वाचणार आहे, ध्यानात ठेव.

आई नव्हे, शाळा नव्हे, मग का?

आणि दुसरा. लग्नाआधी, लग्नानंतर, लेक शाळेत जायला लागला तेव्हा, हे गेले तेव्हा, दरवेळी मी तुला म्हटलं, मला अक्षरं शिकव. दरवेळी तू म्हणालीस, ‘ताई, तुझ्या बोटांना कात्रीच शोभते.’ मी हसायचे. गल्लीत सांगायचे, बहीण माझ्या हाताची तारीफ करते म्हणून. गावभरच्या पोरांना तू वाचायला शिकवलंस. मला का नाही?

ताई


२७ एप्रिल

ताई,

या वेळी खाडाखोड न करता लिहिते. सूनबाई, जसं आहे तसं वाच.

पहिल्याचं उत्तर. मत्सर. दुसरा शब्द नाही.

मी शाळेत पहिली यायचे. घरात, गल्लीत, सगळ्यांची पत्रं मी वाचायचे. आई म्हणायची, ही घराचे डोळे. तू छत्र्या शिवायचीस, तुझ्या कामाला कोणी नाव नव्हतं. आणि एक दिवस छत्रीचं चित्र छापलेलं पत्र आलं, तुझ्या नावाने. ‘कोणालाच साधलेला नाही’ असं त्यांनी लिहिलं होतं. माझ्याबद्दल असं कोणी कधी लिहिलं नव्हतं. तिथे गेलो असतो तर तू कारखान्यातली बेतणारी आणि मी तुझ्यासोबत ‘आणण्यास हरकत नसलेली’ बहीण. तो शब्द मला टोचला. हरकत नाही.

तू समोर उभी होतीस, हात पुसत. विचारलंस, काय म्हणतात? माझ्या तोंडून ‘नको’ निघालं. ठरवलं नव्हतं, निघालं. मी मनाशी म्हटलं, आज एक दिवस. उद्या सांगेन, चेष्टा केली म्हणेन. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तू पत्राला खळ लावत होतीस. मी दारात उभी राहून बघत होते. तू म्हणालीस, ‘बरं झालं आलीस, हा कोपरा दाबून धर.’ मी दाबून धरला.

मी स्वतः दाबून धरला, ताई.

दुसऱ्याचं उत्तर तुला आता कळलंच असेल. तू अक्षरं शिकली असतीस तर कधी ना कधी फर्मा उलगडला असता आणि पहिलं तेच वाचलं असतंस. दुसऱ्या कोणी तुला शिकवू नये म्हणूनही मी जपले. भाऊजींनी एकदा तुझ्यासाठी पाटी आणली होती. मी म्हटलं, तिला लाज वाटेल, तिच्यासमोर काढू नका. त्यांनी माझं ऐकलं. ती पाटी मी माझ्या शाळेत नेली.

एवढं सगळं सांगितल्यावर येण्याचं तोंड मला नाही. तिकीट रद्द केलंय. हेच तुला बरं पडेल. मी इथे राहीन, शेजारीण बघते माझ्याकडे. तू मन शांत ठेव. छत्रीखाली सूनबाईंसोबत बस.

धाकटी


६ मे

धाकटे,

छत्री उभी राहिली. आधी तेच सांगते, कारण आज दिवसभरात तीच एक गोष्ट सरळ आहे.

आठही पाकळ्या एकाच दमात बसल्या. लेक स्टुलावर उभा राहून वर टाचत होता, मी खालून ओढत होते. काठ ताठ, एक सुरकुती नाही. त्याने बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजली. म्हणाला, ‘आई, हे तू कुठे शिकलीस?’ मी म्हटलं, कुठेच नाही. आणि उरलेला दोरा रिळावर गुंडाळायला घेतला.

एक चूक झालीच. सावली टेबलावर सकाळीच असते. दुपारनंतर सरकत सरकत शेजाऱ्यांच्या भिंतीवर जाते, तेव्हा त्यांचं मांजर आमच्या छत्रीची मजा घेतं. लेक म्हणतो, दांडा कलता करू. मी म्हटलं, राहू दे. आपण खुर्च्या सरकवू.

तुझं पत्र सूनबाईने सगळं वाचलं. पाटीपाशी तिने ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थांबू नकोस. ती थांबली नाही.

ह्यांनी पाटी आणली होती हे मला माहीतच नव्हतं. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन. मी त्यांच्यावर एक मनात धरून होते. वाटायचं, या माणसाने कधी विचारलं नाही, बाई, तुला शिकायचंय का. कधी भांडणात बोलूनही दाखवलं. ते गप्प बसायचे. आता कळलं का गप्प बसायचे. तुला दिलेला शब्द पाळत होते. कारखाना गेला, दोन खोल्या गेल्या, ते मी गिळीन कदाचित. कोपरा दाबून धरलास, तेही. पण माझ्या नवऱ्याला तू माझ्या मनात, ते असताना आणि गेल्यावरही बारा वर्षं, उगाच दोषी ठेवलंस. त्यांच्याकडे जाऊन आता मी काय बोलू?

सूनबाई म्हणते, तुम्हाला शिकवते. मी म्हटलं बघू. आज नको. आज शिकले तर पहिलं काय लिहीन त्याचा भरवसा नाही.

आता तुझ्या तिकिटाचं.

तू लिहिलंस, रद्द केलं, हेच तुला बरं पडेल. वा गं वा. मला काय बरं पडेल ते पुन्हा तूच ठरवलंस. बावीस वर्षांची होते तेव्हा तू ठरवलंस, मी जाऊ नये. पुढे दरवेळी ठरवलंस, मी वाचू नये. आणि आज ठरवलंस की मी तुला येऊ देणार नाही. माझ्या तोंडचे शब्द माझ्याआधी वाचून टाकायची तुला सवयच लागलीय.

‘येऊ नकोस’ हे माझे शब्द होते, धाकटे. गेला महिनाभर मी ते तोंडात घोळवत होते. भांडी घासताना, पाकळ्या शिवताना. कधी वाटायचं असे म्हणीन, कधी तसे. कधी वाटायचं म्हणणारच नाही. ते म्हणायचे की गिळायचे, एवढंच एक माझ्या हाती उरलं होतं. तेही तू घेऊन गेलीस, आणि वर म्हणतेस मन शांत ठेव.

तेव्हा ये.

माया आली म्हणून बोलावतेय असं समजू नकोस. रागही गेलेला नाही. तो आहे, चांगला ताठ बसलाय, एक सुरकुती नाही. तरी ये. पुन्हा तिकीट काढ, गाडीत बस, फाटकातून आत ये आणि सामान खाली न ठेवता मला विचार, ‘ताई, राहू का?’

मी काय म्हणेन ते मला आज माहीत नाही. तुला तर मुळीच माहीत नाही. आणि या खेपेला उत्तर कागदावर येणार नाही. मी तोंडाने देईन. तू उभी राहून ऐकायचं.

ताई